दहा आकडी किल्ली

“सगळ्यांत लांब किल्ली कुठल्या कुलपाची आहे ते बघा, आणि तेच घाला,” सुभेदार म्हणाले.

मी पडद्याकडे पाहत होते. पडद्यावर वाय-फायच्या कुलपांच्या पाच ओळी होत्या आणि पाचही नुसत्या इंग्रजी आद्याक्षरांच्या. डब्ल्यूईपी. डब्ल्यूपीए. डब्ल्यूपीए-टू. मग तीच नावं पुन्हा, शेपटीला टीकेआयपी किंवा एईएस लावून. प्रत्येक ओळीपुढे एक रिकामा गोल, आणि त्यांतला एकच भरायचा.

“किल्लीची लांबी इथं कुठंच लिहिलेली नाही, सुभेदार.”

“मग काय लिहिलंय?”

“निवडा, एवढंच.”

“निवडा म्हंजे? ज्यानं यंत्र बनवलं, त्यालाच म्हाईत न्हाई व्हय कुठलं चांगलं ते?”

हे कोडं मला तेव्हा सुटलं नव्हतं. आजही नाही.

देवळेवाडीच्या सार्वजनिक वाचनालयात मी तेव्हा ग्रंथपाल होते. २०११ सालचा नोव्हेंबर. सुभेदार हिंदुराव यादव आमचे अध्यक्ष. फौजेत अठ्ठावीस वर्षं सिग्नलमध्ये काढलेली, त्यामुळे वायरलेस या शब्दावर गावात त्यांचा एकट्याचा हक्क. त्यांचं वायरलेस म्हणजे कट्ट-कड-कट्ट, आणि आमचं म्हणजे धार्मिक ग्रंथांच्या कपाटावर ठेवलेली दोन शिंगांची पांढरी डबी. हा फरक मी त्यांना समजावून सांगायचा प्रयत्न एकदाच केला. “हवेतनं जातंय का न्हाई? मग झालं तर,” असं म्हणून त्यांनी विषय मिटवला होता.

ती डबी गावच्या एका मुंबईकराने भेट दिली होती. चार महिने ती बिनकुलपाची चालली. कुणीही यावं, फोन उघडावा, वापरावं. वाचनालयच ते, त्याला कुलूप कशाला, अशी माझी समजूत. आणि मग एक दिवस तालुक्याहून हवालदार आले आणि माझ्या टेबलावर त्यांनी एक कागद ठेवला.

सप्टेंबरातल्या एका मंगळवारी, सकाळी अकराच्या सुमाराला, आमच्या सरपंचांच्या नावाने कुणीतरी जिल्ह्याला खोटा ई-मेल धाडला होता. गावातले डॉक्टर दवाखान्यात पिऊन येतात, रोग्यांना शिव्या घालतात, त्यांची बदली करा. डॉक्टर बिचारे चहासुद्धा बिनसाखरेचा पिणारे. सरपंच संतापले, डॉक्टर रजेवर गेले, चौकशी झाली आणि ई-मेल आमच्या वाचनालयाच्या जोडणीवरून गेला असं निघालं.

“अकरा वाजता इथं कोण असतं?” हवालदारांनी विचारलं.

“अकराला सकाळची वेळ संपते. मी कुलूप लावत असते.”

“म्हंजे तुमीच असता.”

“हो. पण बाहेर रस्त्यावरूनही कुणीही—”

“मराठी टायपिंग कुणाकुणाला येतं गावात?”

मलाच येत होतं.

तेवढ्यावर गावाने काय ते ओळखलं. मी मिरजेची, एकटी, भाड्याच्या खोलीत राहणारी, वय वर्षं सत्तावीस, लग्नाचा पत्ता नाही. एवढं भांडवल बोलणाऱ्यांना पुरेसं होतं. दुकानात गेले की बायका बोलायच्या थांबायच्या. माझी नेमणूक अकरा महिन्यांची, ती एकतीस डिसेंबरला संपत होती. सुभेदारांनी मला समोर बसवून सरळच सांगितलं.

“बाई, माझा तुमच्यावर संशय न्हाई. पण माझ्या एकट्याच्या म्हणण्यावर कमिटी चालत न्हाई. डिसेंबरच्या आत खरा माणूस सापडला तर तुमची ऑर्डर मी पुढं रेटतो. न्हाईतर मला तोंड न्हाई.”

मिरजेला भावाच्या घरी माझ्या खोलीत वहिनीने शिवणक्लास काढला होता. परत जायचं तर कुठे, हा प्रश्नच होता. म्हणून मी त्या पाच ओळींपुढे बसले होते. कुलूप घालायचं, मग कोण ते खडखडवतं ते बघायचं, असा सुभेदारांचा डाव.

डबीबरोबर आलेल्या पुस्तिकेत अर्ध्या पानांवर चिनी होतं आणि उरलेल्या पानांवरचं इंग्रजी, चिनी कळत असतं तर बरं झालं असतं, असं वाटायला लावणारं. शेवटी मी सगळ्यांत खालची ओळ निवडली. डब्ल्यूपीए-टू, एईएस. सुभेदार मान डोलावून म्हणाले, “नाव तरी भारदस्त आहे.” मग त्यांनी अठरा अक्षरी संकेतशब्द सांगितला. त्यात त्यांच्या पलटणीचं नाव होतं, भरतीचं साल होतं आणि मध्येच एक टिंब होतं. मी तो भरला, डबीचे दिवे विझले, पुन्हा लागले. झालं.

आता आमच्या वाचनालयाची एक रीत होती. कमिटीचा कुठलाही निर्णय झाला की तो दारातल्या फळ्यावर लिहायचा. नवीन पुस्तकं आली, लिहा. पंखा बिघडला, लिहा. सभासदांना कळायला हवं हा त्यांचा हक्क, असं घटनेतच होतं. मी निर्णय वळणदार अक्षरात लिहिला: ‘सर्व सभासदांस कळविण्यात येते की वाय-फायला कुलूप घातले असून संकेतशब्द पुढीलप्रमाणे आहे. इतरांनी तो वापरू नये.’ खाली अठरा अक्षरं, टिंबासकट.

हसू नका. सुभेदारांनी दोन दिवस येता-जाता तो फळा वाचला आणि माझ्या अक्षराचं कौतुक केलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ते फळ्यासमोर थबकले, बराच वेळ उभे राहिले, मग आत येऊन हळूच म्हणाले, “बाई, आपण किल्ली कुलपालाच लटकवून ठिवलीया.”

आम्ही दोघांनी मिळून फळा पुसला. नवीन संकेतशब्द घातला आणि तो सभासदाला कानात सांगायचा असं ठरलं. मग खडखडाट कळायला लागला.

डबीच्या पानावर एक यादी असते, तिच्यात कोण आत आलं आणि कुणाला परत पाठवलं ते दिसतं. मला ती त्याच आठवड्यात सापडली. रोज संध्याकाळी पाच वाजून पाच मिनिटांनी एकच यंत्र दार ठोठावायचं. नाव नाही, बारा अक्षर-आकड्यांचा एक नंबर फक्त. कुलूप त्याला परत पाठवायचं. ते पुन्हा यायचं. पाच ते सहा या तासात वीस-वीसदा. सहाला थांबायचं. दुसऱ्या दिवशी पाच-पाचला परत हजर.

“हाच तो,” सुभेदार म्हणाले. त्यांचे डोळे चमकत होते. “टाइमाचा पक्का आहे. ट्रेनिंग घेतलेला माणूस दिसतोय.”

मला मात्र काहीच नीट जुळत नव्हतं. ज्याने सकाळी अकराला गुन्हा केला तो संध्याकाळी पाचला कशाला येईल? आणि वीसदा हाकलल्यावर एकविसाव्यांदा कुठला चोर येतो? पण माझं डोकं त्या दिवसांत ठिकाणावर नव्हतं. मला माणूस हवा होता. कुणीही चालला असता, हे आता कबूल करायला हरकत नाही.

नऊ दिवस आम्ही यादी पाहिली. दहाव्या दिवशी, पाच वाजले तसे सुभेदार काठी घेऊन निघाले आणि मी त्यांच्या मागे. पुढच्या रस्त्यावर कुणी नव्हतं. पारावर नेहमीची मंडळी होती, त्यांच्या हातात पत्ते. मग आम्ही वाचनालयाच्या मागच्या बोळात वळलो. तिथे एक पडकी पाण्याची टाकी होती, तिच्या कडेवर एक आकृती बसली होती. डोक्यावरून मोठा टॉवेल घेतलेला, तो पार गुडघ्यांपर्यंत आलेला, आणि टॉवेलच्या आत काहीतरी उजळत होतं.

“कोण हाय तिकडं!” सुभेदार गरजले.

आकृती हलली नाही.

“हात वर!”

काही नाही. सुभेदारांनी काठी जमिनीवर आपटली. पारावरची मंडळी पत्ते टाकून उठली, एका घरातलं कुत्रं भुंकायला लागलं, आणि टॉवेल मात्र जागच्या जागी. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत आपला आवाज इतका वाया गेलेला सुभेदारांनी पाहिला नसावा.

मग मला टॉवेलखालून लोंबणारी पिवळी पट्टी दिसली. शिंप्याची मापाची टेप.

“सुभेदार, थांबा. सुंदराक्का आहे.”

सुंदराक्का आमच्या गावची शिंपीण. जन्मापासून ऐकू येत नव्हतं, बोलताही येत नव्हतं. नवरा लवकर गेला. शाळेचे सगळे गणवेश तीच शिवायची. दीडशे पोरांची मापं ती एका सकाळी घ्यायची आणि कागदावर एक आकडा लिहायची नाही, सगळी डोक्यात. तिची मुलगी वनिता पुण्यात नोकरीला. यापलीकडे मला तिच्याबद्दल काही माहीत नव्हतं, कारण तिच्याशी बोलायचं कसं ते मला ठाऊक नव्हतं आणि मी कधी प्रयत्नही केला नव्हता.

मी पुढे जाऊन टॉवेलचं टोक हलवलं. ती दचकली. मांडीवर काळा, जाडजूड, जुनाट लॅपटॉप. उन्हात पडदा दिसत नाही म्हणून वर टॉवेल. आमच्याकडे, काठीकडे, पारावरून आलेल्या माणसांकडे तिने पाहिलं. तिने लॅपटॉप छातीशी धरला.

“सापडलं यंत्र!” गर्दीतलं कुणीतरी म्हणालं. “मुकी म्हणता म्हणता बघा की!”

“बाईंच्या मागचं झेंगट सुटलं म्हणायचं,” दुसरा म्हणाला.

खरंच सुटलं असतं. यंत्र सापडलं होतं, ते लपूनछपून वापरणारी बाई सापडली होती, आणि तिला स्वतःच्या बाजूने एक शब्द बोलता येत नव्हता. मला फक्त गप्प बसायचं होतं. मी किती वेळ गप्प बसले ते मोजलं नाही, पण बसले होते. याची मला अजून लाज वाटते.

सुंदराक्का माझ्याकडे बघून हात हलवायला लागली. आधी लॅपटॉपवर बोट. मग दोन्ही खांद्यांवरून दोन वेण्या सोडल्यासारखे हात. मग डोळ्यांवर तळवे. पुन्हा वेण्या, पुन्हा तळवे.

“कबूल करतीया,” सुभेदार म्हणाले, पण त्यांचा आवाज उतरला होता.

“वेण्या,” मी म्हणाले. “दोन वेण्या म्हणजे वनिता. वनिता दिसत नाही म्हणतेय ती.”

आणि एकदम माझ्या ध्यानात आलं. फोनवर बोलायचं तर या बाईला फोनचा काय उपयोग? मुलीशी बोलायचं तर मुलीचे हात दिसायला हवेत.

“अक्का, हे कधी आणलं?” मी लॅपटॉपकडे बोट केलं. तिला कळेना. मग मी पणती पेटवल्यासारखं केलं, फटाक्याला कानांवर हात ठेवले. तिने जोरजोराने मान हलवली. दिवाळी. दिवाळीला वनिता आली तेव्हा.

“सुभेदार, ई-मेल सप्टेंबरातला आहे. हे यंत्र गावात आलं दिवाळीला. ही नाही.”

सुभेदारांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. “बाई, ही न्हाई म्हंजे तुमी पुन्हा होता तिथंच आला. कळतंय न्हवं?”

“कळतंय.”

ते वळले आणि पारावरच्या मंडळींना त्यांनी काठीने वाट दाखवली. मग टाकीच्या कडेवर बसले. “नऊ दिवस,” ते म्हणाले. “नऊ दिवस कॉल देतीया आणि पलीकडनं उत्तर न्हाई. एकदा मी बसलोय असा. दोनच दिवस बसलो होतो, तरी येडा व्हायचा राहिलो. चला, उघडा ते कुलूप.”

उघडणं सोपं नव्हतं. मी लॅपटॉपमध्ये संकेतशब्द घालून पाहिला, तर त्याला तो घालायला जागाच नव्हती. त्याला हवी होती दहा आकडी किल्ली, अठरा अक्षरांचं काही त्याच्या गावीही नव्हतं. मग मी आत जाऊन कुलूप एक-एक पायरी खाली आणायला लागले. एईएस काढलं, टीकेआयपी घातलं. मागच्या खिडकीबाहेरून सुभेदार ओरडले, “न्हाई!” डब्ल्यूपीए घातलं. “न्हाई!” शेवटी सगळ्यांत वरची, सगळ्यांत छोटी ओळ घेतली, डब्ल्यूईपी, आणि समोर दहा रिकामे खाने आले. मी एक ते नऊ आणि शून्य भरलं, तेच खिडकीतून मोठ्याने सांगितलं, आणि सुभेदारांनी ते एका बोटाने लॅपटॉपमध्ये टाकलं.

बोळात लॅपटॉप एकदम वाजायला लागला. मी धावत मागे गेले. पडद्यावर वनिता होती, ऑफिसच्या जिन्यात बसलेली, आणि ती रडत होती. सुंदराक्काचे हात इतक्या वेगाने चालले होते की मला बोटं सुटी दिसेनात. ती रागावली होती, हसत होती, मध्येच तिने मुलीला गालफडं बसलीत असं दाखवून दटावलं.

“बाई, पाठ फिरवा,” सुभेदार म्हणाले. ते स्वतः भिंतीकडे तोंड करून उभे होते. “दुसऱ्याचा संदेश वाचायचा नसतो.”

“मला त्यातलं काही कळत नाही, सुभेदार.”

“तरी पण.”

आम्ही दोघं भिंतीकडे तोंड करून उभे राहिलो.

थोड्या वेळाने वनिताने मला हाक मारून सांगितलं ते असं. लॅपटॉप तिच्या ऑफिसने मोडीत काढलेला. त्याला नवं कुलूप ओळखू येत नाही, फक्त जुनं येतं. तिला रोज पाच ते सहा सुट्टी असते. आणि मॅडम, ते जुनं कुलूप कुणीही फोडू शकतं म्हणे, तर तुम्ही आमच्यासाठी ते ठेवू नका, तुमचंच नाव आधी खराब झालंय.

“कुणीही?” सुभेदारांनी विचारलं.

“शिकलेला असला तर काही मिनिटांत,” वनिता म्हणाली.

मी सुभेदारांकडे पाहिलं. शहाणपण हेच होतं की आत जाऊन भारदस्त ओळ पुन्हा निवडावी. माझ्यावर आधीच एक बालंट होतं. या तकलादू कुलपातून दुसरा ई-मेल गेला असता तर एकतीस डिसेंबरचीही वाट कुणी पाहिली नसती.

“रोज एकच तास,” मी म्हणाले. “पाच ते सहा. बाकी वेळ मोठं कुलूप.”

सुभेदारांनी काठीने माती उकरली. “सायफर म्हंजे गुप्त भाषा कच्ची असली तर एक नियम असतो,” ते म्हणाले. “किल्ली रोज बदलायची. रोज म्हंजे रोज. आन् ती हवेतनं पाठवायची न्हाई, कागदावर लिहायची न्हाई, ज्याची त्याला समोरासमोर द्यायची. करताय का एवढं?”

“करते.”

“कायबी झालं तर जबाबदारी तुमची. इतिवृत्तात लिहून सही करा.”

मी सही केली. फळ्यावर लिहिलं, ‘संध्याकाळी ५ ते ६ वाय-फाय देखभालीसाठी बंद राहील.’ आणि दुसऱ्या दिवसापासून आमची देखभाल सुरू झाली.

पाचला पाच कमी असताना मी मोठं कुलूप काढायची, छोटं घालायची, मनाला येतील ते दहा आकडे भरायची आणि मागच्या खिडकीत जायची. खाली टाकीवर सुंदराक्का बसलेली असायची. कागदावर लिहायचं नाही आणि तिला ऐकू येत नाही, म्हणून आकडे बोटांनी दाखवायचे. मिटलेली मूठ म्हणजे शून्य. सहा म्हणजे एक पंजा आणि दुसऱ्या हाताचं एक बोट. एक एक दाखवायचा आणि ती एक एक टाकायची.

तिला फार वेळ लागायचा. चौथ्या-पाचव्या आकड्याला ती हमखास अडायची आणि हवेत बोट गोल फिरवायची. त्याचा अर्थ ‘पुन्हा’. मी पुन्हा पहिल्यापासून दाखवायची. ती सातव्याला अडायची. पुन्हा गोल बोट. कधीकधी वैतागून मी हात खाली टाकायची, मग ती हसायची आणि कपाळावर हात मारून दाखवायची की मी म्हातारी, मला लवकर उमगत नाही. मधल्या वेळात दुसऱ्या खुणा सुरू व्हायच्या. कपाळावर सलाम म्हणजे सुभेदार. नाक वर म्हणजे सरपंचांची सून. मुठीत मूठ घासली की आज जेवलीस का. एकदा मी तापात फणफणत खिडकीत गेले, तर तिने आकडे घ्यायचेच नाकारले, वर येऊन माझा हात धरला आणि मला घरी नेऊन पेज पाजली. त्या गावात मला कुणी ‘जेवलीस का’ विचारणारं दुसरं नव्हतं. मला ते तेव्हा कळत होतं का? नाही. मला वाटत होतं मी एका बाईवर उपकार करतेय आणि ती जरा मंद आहे.

डिसेंबरच्या वीस तारखेला सरपंचांच्या नावाने तसाच दुसरा ई-मेल जिल्ह्याला गेला. रात्रंदिवस मी त्या पाच ते सहाचा विचार करत होते. पण या वेळी तो तालुक्याच्या एका सायबर कॅफेतून गेला होता आणि तिथे नाव-पत्ता लिहून घेत होते. निघाला सरपंचांचाच मेहुणा. सप्टेंबरात तो आठ दिवस बहिणीकडे मुक्कामाला होता. गावाला माझ्याबद्दल काय वाटलं होतं ते गाव एका दिवसात विसरलं. मी विसरले नाही, पण माझी ऑर्डर निघाली. पुढची दोन वर्षं मी रोज पाचला कुलूप उतरवलं आणि सहाला चढवलं. मग मला कराडच्या एका कॉलेजात कायमची नोकरी लागली, आणि त्याच महिन्यात वनिता आईला पुण्याला घेऊन गेली.

परवा, म्हणजे जवळजवळ बारा वर्षांनी, मी कामासाठी पुण्याला गेले होते. वनिताकडे जेवायला बोलावलं होतं. सुंदराक्का आता सत्तरीच्या पुढची, पण डोळे तसेच. माझ्या कुर्त्याचं बटण लोंबत होतं ते तिला दारातच दिसलं. तिने मला बसवलं आणि वनिताला बटणांचा डबा आणायला लावला. जुना पत्र्याचा डबा. वनिताने तो चटईवर पालथा केला. बटणांच्या ढिगातून प्लास्टिकचं एक पाकीट घसरत बाहेर आलं. आत बोटाच्या पेराएवढी काळी पट्टी. पाकीट फोडलेलंही नव्हतं.

“अय्या,” वनिता म्हणाली. “हे डोंगल इथं कसं? मॅडम, हे मी आईला दुसऱ्याच महिन्यात पाठवलं होतं. लॅपटॉपला लावलं की तुमचं मोठं कुलूप चाललं असतं. चित्रं काढून सगळं समजावलं होतं. तिनं सांगितलं, लावलं, चालत नाही, बिघडलेलं आहे.”

मी पाकीट हातात घेतलं. खोटं कशाला सांगू, मला आधी राग आला. दोन वर्षं. रोज दोनदा. प्रत्येक संध्याकाळी मी माझी नोकरी त्या दहा आकड्यांवर लावली होती, आणि इलाज बटणांच्या डब्यात पडून होता.

मी पाकीट सुंदराक्कासमोर धरलं आणि हातानेच विचारलं, का?

तिने वनिताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. जरा ओशाळली. मग हवेत चौकोन काढला. खिडकी. चौकोनात माझ्याकडे बोट. मग स्वतःभोवती सगळीकडे हात फिरवला, सगळं गाव, आणि त्या गावाच्या तोंडावर हात ठेवला. गावात तिच्याशी बोलणारं कुणी नव्हतं. नंतर पुन्हा चौकोन, पुन्हा मी. आणि शेवटी ते बोट, हवेत गोल. पुन्हा.

डोळे भरून आले होते आणि ती वाट बघत होती. म्हणून मी हात वर केले आणि मनाला येतील ते दहा आकडे दाखवले, भराभर, मध्ये न थांबता, तेव्हा कधी दाखवले नव्हते इतक्या वेगाने.

सुंदराक्काने सुई बाजूला ठेवली, आणि दहाच्या दहा एका दमात मला परत करून दाखवले.